साबणावरचा तारपावाला
(बोईसर येथे गटांच्या मासिक बैठकीत साबण गटाच्या सचिव ताईंनी केलेले भाषण)

ताईंनो, अध्यक्षताईंनी मला दहा मिनिटं दिलीत, पण साच्याचं बोलायला लागले की माझं दहा मिनिटांत भागत नाही. आधीच माफी मागून ठेवते.

आमचा गट साबण करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. बेस वितळवायचा, रंग आणि वास घालायचा, साच्यात ओतायचा. पण बाजारातले साचे सगळ्यांकडे सारखेच, एक गुलाब नाहीतर शिंपला. पालघरच्या स्टॉलवर आमचा साबण कुठला आणि शेजारच्या गटाचा कुठला, हे गिऱ्हाईकाला कळेना. मग ठरवलं, आपल्या साबणावर तारपा वाजवणारा माणूस हवा. वारली चित्र आपल्या घरच्या भिंतीवरचं, आणि साबणावर गुलाब कशाला?

असा साचा व्हॅक्यूम फॉर्मिंगच्या मशीनवर होतो. लग्नाआधी मी बोईसरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये पॅकिंगला होते, तेव्हा रोज बघायचे. प्लास्टिकची शीट चौकटीत अडकवतात, हीटरने तापवतात. दीडशे अंशांच्या आसपास गेली की ती ओल्या फडक्यासारखी मधे झोळते. मग खालून ठोकळा वर येतो, पंप हवा ओढतो आणि शीट ठोकळ्याला घट्ट बसते. या ठोकळ्याला तिथे प्लग म्हणतात. शीटची आतली बाजू प्लगला टेकते, म्हणून साबण हुबेहूब प्लगसारखा निघतो. प्लगवर ओरखडा असला तर प्रत्येक साबणावर ओरखडा.

प्लग लाकडाचा चालतो, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं. प्लास्टर ऑफ पॅरिसचा स्वस्त, पण कडा लवकर उडतात. अॅल्युमिनियमचा उत्तम, पण त्याचा खर्च ऐकून आम्ही घरी परत आलो. मग राहिलं इपॉक्सी. शाडूत नमुना केला, वाळवला, लाखेचा हात दिला, मेण लावलं. त्यावर सिलिकॉन रबर ओतून उलटा साचा घेतला आणि त्यात इपॉक्सी ओतलं. गटाच्या अंतर्गत कर्जातून आठ हजार घेतले होते, तेव्हा हात थरथरत होता, खोटं नाही सांगत.

आणि पहिला प्लग वाया गेला. चूक माझी. इपॉक्सीत दोन डबे असतात, एक रेझिन, एक हार्डनर. मला वाटलं हार्डनर थोडं जास्त घातलं की लवकर सुकेल. तसं होत नाही, बायांनो. हे चुना-कात नाही, की आवडीप्रमाणे कमीजास्त. डब्यावर लिहिलेलं माप वजनकाट्यावर मोजूनच घ्यायचं. माप चुकलं की माल कच्चा राहतो, तो पुढे कधीच पक्का होत नाही. वर एकदम मोठं भांडं भरून कालवलं, तर ते आपोआप तापलं, धूर यायला लागला. आता थोडं थोडं कालवतो आणि थर देऊन ओततो.

दुसरा प्लग छान निघाला, आणि बाराव्या शीटला तारपावाल्याचं डोकं बसलं! साधं इपॉक्सी साठ अंशांच्या आसपासच नरम पडायला लागतं, आणि आपण त्यावर तापलेली शीट ओढतो. म्हणून उष्णता सोसणारं रेझिन घ्यावं लागतं. त्यात अॅल्युमिनियमची पूड घालतात, म्हणजे उष्णता एका जागी साचून राहत नाही. ओतल्यावर डब्यावर सांगितल्याप्रमाणे भट्टीत हळूहळू शेकायचं, आणि दोन शीटच्या मधे पंख्याखाली गार होऊ द्यायचं. पूड मात्र चुलीपासून लांब, ती पेट घेते.

आकाराचंही बघावं लागतं. बाजू सरळ उभ्या ठेवल्या तर शीट सुटत नाही, इडलीपात्राच्या वाटीसारखा थोडा उतार हवा. वारली माणसाच्या कमरेला दोन त्रिकोण टोकाला टोक लावून भेटतात ना, तिथे हवा अडकते आणि शीट पुलासारखी ताणून राहते. तिथेच सुईएवढी भोकं पाडली, तेव्हा कंबर उमटली.

आता जे सांगायला उभी राहिले ते. आमच्यातल्या एका ताईंच्या बोटांना खाज सुटली, मग पापण्या सुजल्या. दोन आठवडे आम्ही खोबरेल लावत बसलो. डॉक्टरांनी सांगितलं, ही इपॉक्सीची अॅलर्जी. एकदा झाली की सहसा जन्मभर राहते, पुढे थेंब लागला तरी अंग उठतं. त्या ताई आता फक्त विक्री बघतात. त्यांच्या हातासारखी नक्षी आमच्यात कुणालाच येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून आता नायट्राइलचे हातमोजे, आणि फाटला की लगेच बदलायचा. हाताला लागलं तर थिनरने पुसायचं नाही, त्याने ते कातडीत जास्त मुरतं, साबण-पाण्यानेच धुवायचं. (साबणाला आपल्याकडे तोटा नाही!) कालवायचं काम पडवीत, वाऱ्यावर, आणि स्वयंपाकाचं एकही भांडं तिथे जाणार नाही. उरलेला माल नाल्यात ओतायचा नाही, डब्यातच घट्ट होऊ द्यायचा. इथले नाले आधीच काय कमी सोसतात?

आता एका वर्कशॉपवाल्याने विचारलंय, प्लग ओतायचं काम गटाला देतो, नगावर पैसे, घरी बसून करा. पैसे बरे आहेत. पण घरी म्हणजे कुठे? जिथे लेकरू रांगतं तिथे? मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. जागा वेगळी हवी, हातमोज्यांचा खर्च त्यांचा, आणि बिघडलेल्या नगाचा तोटा कुणी सोसायचा ते आधी कागदावर. ते म्हणाले, विचार करतो. पुढच्या बैठकीत आपल्याला ठराव घ्यायचाय, म्हणून आजच ऐकवलं.

हा तिसरा प्लग, पुढे सरकवते. पक्का झालाय, हात लावायला हरकत नाही. कमरेजवळची भोकं उजेडाकडे धरून बघा, आणि मागच्या ताईंपर्यंत जाऊ द्या.