तांडेल आणि होडी
(सुरत येथील भाषण)

तोंडून शब्द निसटतो. लिहिलेला शब्द पुन्हा वाचून मगच छापायला जातो. त्याचा जाब मोठा.

‘झोंबी’त शेतकऱ्याच्या पोराचे हाल मांडणारे आनंद यादव २००९च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचे निर्वाचित अध्यक्ष होते. त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ कादंबरीने वारकरी दुखावले. यादवांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली. तरीही पद सोडावे लागले.

इथल्याच न्यायालयाने २०२३ साली राहुल गांधींना भाषणातल्या शब्दांवरून शिक्षा दिली. खासदारकी गेली, सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीनंतर परत आली. ती कायद्याची वाट. राजीनामा ही मनाच्या लाजेची वाट.

ज्यांच्या वतीने बोलायचे त्यांचाच विश्वास लेखणीने उडवला, तर खुर्ची आपणहून सोडावी. पुस्तक मात्र धाकाने बुडवू नये. तांडेल बदलावा, होडी जाळू नये.