नाही म्हणण्याचा अधिकार



ग्रामीण भागातल्या संमेलनाच्या अध्यक्षाने बोलीभाषेवर, वाचनसंस्कृतीवर आणि नव्या लिहित्या हातांवर बोलावं अशी रीत आहे. तिचा आदर राखूनही मी आज वेगळ्या विषयावर बोलणार आहे. सरकारने माणसाच्या आयुष्यात किती शिरावं, एकाकडचं काढून दुसऱ्याला देण्याचा हक्क त्याला किती असावा, आणि या सगळ्यात एकट्या माणसाच्या स्वातंत्र्याचं काय होतं, हा तो विषय. अर्थतज्ज्ञांनी बोलावं असा हा विषय आहे असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. हे संमेलन जिथे भरलं आहे त्या करमाडमध्ये तर मुळीच नाही.

जालना रस्त्याने इथे येताना शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. तिला लागून ‘ऑरिक’ हे नवं औद्योगिक शहर उभं राहतं आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधल्या या शहरासाठी शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकर जमीन ठरली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून गेला. एवढी जमीन आकाशातून पडत नाही. ती कुणाच्या तरी सातबाऱ्यावरून उतरते.

ती कशी उतरते, ते कायद्यातच बघा. महाराष्ट्रात उद्योगांसाठी जमीन घेतली जाते ती १९६१ च्या औद्योगिक विकास अधिनियमाखाली. केंद्राने २०१३ साली भूसंपादनाचा नवा कायदा केला. त्यात खाजगी प्रकल्पाला ऐंशी टक्के आणि भागीदारीतल्या प्रकल्पाला सत्तर टक्के बाधितांच्या संमतीची अट घातली. राज्याच्या १९६१ च्या कायद्यात अशी अट नाही. शेतकऱ्याला हरकत नोंदवता येते, मोबदल्यासाठी भांडता येतं, वाढीव रकमेसाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवता येतात. ‘मी देत नाही’ एवढं मात्र त्याला म्हणता येत नाही. घेतलेली जमीन मग भूखंड पाडून कारखानदाराला पंच्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. कारखाने यावेत असं मलाही वाटतं. इथल्या पोरांना इथेच काम मिळावं, पुण्याच्या गाडीत बसायची वेळ येऊ नये, असं कुणाला वाटणार नाही? पण कोरडवाहू शेतकऱ्याकडून कायद्याच्या जोरावर घेऊन भांडवलवाल्याच्या हाती देणं, हेसुद्धा संपत्तीचं फेरवाटपच आहे. फक्त त्याला कुणी त्या नावाने ओळखत नाही. आपल्याकडची सगळी चर्चा श्रीमंताकडून गरिबाकडे जाणाऱ्या पैशाची असते, उलट्या दिशेने काय जातं त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

तो हिशेब मराठीत मांडला शरद जोशींनी. त्याआधी शंभर वर्षं जोतीराव फुल्यांनी. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव दाखवतात ते सरकारी खातं कुणब्याच्या पट्टीवर पोसलेलं आहे आणि त्याच कुणब्याला नागवणारं आहे. जोशींनी चाकणच्या कांदा आंदोलनापासून हेच सूत्र पुढे नेलं. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही शेतकरी संघटनेची घोषणा तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या अनेकांनी दिली असेल. ती घोषणा अनुदान मागत नव्हती, बाजार मागत होती. सरकार शेतकऱ्याला पोसतं हा समज त्यांनी सरकारच्याच कागदांनी खोडून काढला. जागतिक व्यापार करारासाठी भारताने जी आकडेवारी दिली, तीत आपल्या पिकांवरचं अनुदान उणे निघालं होतं. उणे सबसिडी याचा अर्थ, सरकार द्यायचं सोडून काढून घेत होतं.

कापसाचं उदाहरण मराठवाड्याला सांगायला नको, पण तरुणांसाठी सांगतो. १९७२ पासून सुमारे तीन दशकं महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस विकायचा तो सरकारलाच. हेतू वाईट नव्हता. व्यापाऱ्यांच्या लुटीतून शेतकरी सुटावा, हाच हेतू होता. मंदीच्या काही वर्षांत या योजनेने आधारही दिला, हे मान्य करायला हवं. पण केंद्रावर गाड्यांच्या रांगा, ग्रेडरची मर्जी, महिनोन् महिने थकलेले चुकारे, आणि शेजारच्या राज्यात भाव चढला तर आपलाच कापूस रात्री चोरासारखा सीमेपलीकडे न्यायचा. स्वतः पिकवलेला माल स्वतः निवडलेल्या गिऱ्हाइकाला विकणं हा गुन्हा ठरला. लुटारू व्यापारी बरा असं मी म्हणत नाही. एका व्यापाऱ्याला नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे जाता येतं. सरकार एकमेव गिऱ्हाईक झालं की नाही कुणाला म्हणायचं?

इथवर ऐकून कुणी म्हणेल, अध्यक्ष बाजारवादी दिसतात. थांबा. मालमत्तेचा हक्क पवित्र मानणाऱ्यांना मराठवाडा एक अवघड प्रश्न विचारतो: ही मालमत्ता आली कुठून? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. जहागिरी होत्या, खुद्द निजामाच्या खर्चासाठीचा सर्फ-ए-खास मुलूख होता, आणि कसणाऱ्याच्या नावावर पुष्कळदा काहीच नव्हतं. १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या. १९५० च्या हैदराबाद कुळकायद्याने संरक्षित कुळाला मालकीची वाट मोकळी केली. ते फेरवाटप झालं नसतं, तर या मंडपात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या आजोबांच्या नावे एक गुंठाही लागला नसता. त्यानंतरही गावकुसाबाहेरचा माणूस भूमिहीनच राहिला. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, माणसं हजारोंनी तुरुंगात गेली, ती कसेल त्याला जमीन मिळावी म्हणून. मराठवाड्यातल्या गायरानांचा प्रश्न अजून संपलेला नाही. पूर्वीच्या सत्तेने जबरदस्तीने केलेलं वाटप कायम ठेवायचं आणि त्याला स्वातंत्र्य म्हणायचं, हे मला मान्य नाही.

मग फरक कसा करायचा? मला एकच कसोटी सापडते. सरकारच्या एखाद्या कृतीनंतर दुबळ्या माणसाची नाही म्हणण्याची ताकद वाढली की घटली?

कुळाला सातबारा मिळाला तेव्हा ती वाढली. सातबारा एकदा झाला की जमीनदारापुढेही मान वर होते आणि सरकारपुढेही. पण पुढच्या काळात उलटं घडलं. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववं परिशिष्ट जोडलं आणि त्यात घातलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे कोर्टात आव्हान देण्याची वाट बंद केली. जमीनदारी मोडायला ती तरतूद आली असं सांगितलं गेलं. जमीनदारी गेली, परिशिष्ट राहिलं आणि फुगत गेलं. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतूनच काढला. जहागिरदारासाठी घडवलेलं हत्यार दोन एकरवाल्यावर चाललं. आपल्याच मराठवाड्यातून, अंबाजोगाईतून, अमर हबीब आणि किसानपुत्र आंदोलन शेतकरीविरोधी कायदे रद्द करा म्हणून वर्षानुवर्षं बोलत आहेत. मराठी साहित्याने त्यांच्या म्हणण्याकडे जेवढं लक्ष द्यायला हवं होतं तेवढं दिलेलं नाही.

रोजगार हमी योजनेने नाही म्हणण्याची ताकद वाढवली, हे मी ठामपणे सांगतो. वि. स. पागे यांची ती कल्पना. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्यासाठी १९७५ पासून नोकरदारांकडून, व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. शहराच्या पगारातून खेड्याच्या मजुरीकडे पैसा वळला, म्हणजे उघड उघड फेरवाटप झालं. पण बंडिंगवर खडी फोडणाऱ्या बाईला पाटलाच्या वावरात मिळेल त्या मजुरीवर जाण्याची सक्ती उरली नाही. घाम तिचा, दाम तिचा, आणि मागितलं तर काम हा तिचा कायदेशीर हक्क. असं सरकार मला हवं आहे.

लक्ष्मीमुक्तीचं काम तर सरकारशिवाय झालं. चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने नवऱ्यांना सांगितलं, बायकोच्या नावावर जमीन करून द्या. सक्ती नाही, दंड नाही, बक्षीसही नाही. ज्या गावात शंभर जण असं करतील त्या गावाचे आभार मानायला शरद जोशी स्वतः जात. हजारो बायांच्या नावाने सातबारे झाले. महसूल खात्याने त्यासाठी परिपत्रक काढलं ते नंतर, १९९२ मध्ये. समाज समजावून सांगितलं तर देतो, हे ज्यांना खोटं वाटतं त्यांनी ही चळवळ अभ्यासावी. आपल्या कादंबरीत ती कुठे आहे?

आता आजचा प्रश्न. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा पंधराशे रुपये बायांच्या खात्यात येऊ लागले. त्याला भीक म्हणणाऱ्यांत मी नाही. स्वतःच्या खात्यात आलेले पंधराशे रुपये बाईला सावकारापुढे आणि घरातही थोडी मान देतात. माझी चिंता वेगळी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत उठली नाही. वैजापूर-गंगापूरच्या ज्या घरातून त्या बंदीने कांद्याचे पैसे गेले, त्याच घरात बंदी उठल्यावर तीन महिन्यांनी पंधराशे रुपये येऊ लागले. आधी बाजार बंद करायचा आणि मग हप्ता द्यायचा, तोही निवडणुकीच्या तोंडावर. हक्काने मिळणारं आणि मर्जीने मिळणारं यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. मर्जीने मिळतं ते घेणारा नाही म्हणायचं विसरतो.

बाबासाहेबांचा दाखला दोन्ही बाजू देतात. त्यांनी १९४७ मध्ये शेती राज्याच्या मालकीची असावी असा आराखडा मांडला होता, हे खरं. पण १५ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत के. टी. शहांनी समाजवादी हा शब्द घटनेत घालण्याची सूचना मांडली, तेव्हा तिला विरोध केला तोही बाबासाहेबांनीच. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळातल्या लोकांनी ठरवायचं, घटनेने त्यांचे हात बांधायचे नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. ५ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने मुंबईच्या जुन्या इमारतींच्या प्रकरणात बहुमताने निकाल दिला, की सगळीच खाजगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती मानता येणार नाही. शहाऐंशी साली सुरू झालेल्या वादावरचा हा निकाल घरमालकांच्या कामी आला. करमाडच्या शेतकऱ्याच्या कामी तो कसा येईल, याचा विचार वकिलांनी करावा.

आणि ८ मे २०२०. करमाड आणि बदनापूर यांच्या दरम्यान रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांना पहाटे मालगाडीने चिरडलं. मध्य प्रदेशातली माणसं होती, जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला. टाळेबंदी चार तासांच्या सूचनेवर लागली होती, रस्त्यावर पोलीस अडवत होते, म्हणून ते रुळांवरून घराकडे निघाले होते. अख्खा देश थांबवण्याची ताकद असलेल्या सरकारला हे सोळा जण कुठे आहेत ते माहीत नव्हतं. घरी चालत जायचं स्वातंत्र्यसुद्धा ज्याला परवानगीने मिळतं, त्याच्यापुढे मर्यादित सरकार हा श्रीमंतांचा चोचला आहे असं कुणी म्हणू नये. अमर्याद सरकारची किंमत आधी निर्धनच मोजतो.

साहित्यिकांचा यात काय संबंध? १९७५ च्या कऱ्हाड संमेलनात आणीबाणी असताना दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. त्यांच्या देखत दुर्गाबाई लेखनस्वातंत्र्यावर बोलल्या, पुढे तुरुंगातही गेल्या. पदांची आणि पुरस्कारांची ओढ नव्हती म्हणून त्यांना ते जमलं. आज आपली संमेलनं शासकीय अनुदानावर भरतात. १९९९ मध्ये मुंबईच्या संमेलनात त्याच अनुदानावरून साहित्यिकांना सत्तेकडून हिणवून घ्यावं लागलं, आणि अध्यक्ष वसंत बापटांना स्वाभिमानाची बाजू सांभाळावी लागली. जे कापूस उत्पादकाचं झालं तेच लेखकाचं होतं. देणारा एकच उरला की बोलणं आपोआप बेतून येतं.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. जमीनमालकाच्या संमतीशिवाय उद्योगासाठी जमीन घेतली जाऊ नये, अशी अट राज्याच्या कायद्यात यावी, असा ठराव या संमेलनाने आज करावा. दुसरी मागणी तुमच्याकडे. शेंद्रा, करमाड, बिडकीन परिसरात ज्यांची जमीन गेली ती माणसं अजून आहेत. नोटिसा आणि निवाडे अजून ट्रंकांमध्ये आहेत. पैसे आले, कुणी दुसरीकडे वावर घेतलं, कुणाचे हात रिकामे झाले. इथल्या तरुण लेखकांनी त्यांच्याकडे जावं, त्यांच्याच शब्दांत ते लिहून घ्यावं, आणि पुढचं संमेलन त्या लेखनाचं, लोकवर्गणीतून, सरकारी पैशाशिवाय भरवावं. पहिली वर्गणी माझी घ्या.