चमचाभर मोरचूद

सावित्री नदीतल्या माशांवर मी बऱ्याच कविता लिहिल्या आहेत. महाडच्या औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी हा आमच्याकडे चहाच्या टपरीपासून कविसंमेलनापर्यंत चालणारा विषय. कविता वाचली की टाळ्याही पडतात. आज मात्र बोलायचंय ते माझ्या परसातल्या हौदाबद्दल. तिथला कारखाना मीच होतो.

हौद जांभ्याचा, हजारेक लिटरचा. डासांसाठी आरोग्य खात्याकडून आणलेले गप्पी मासे त्यात होते, आणि नातीच्या हट्टापायी घेतलेले चार गोल्डफिश. मे महिन्यात पाणी हिरवंगार झालं. कुणीतरी म्हणालं, मोरचूद टाका, शेवाळ मरतं. मरतंही. संध्याकाळी चहाचा एक चमचा निळे खडे विरघळवून मी हौदात ओतले.

सकाळी नात धावत आली. "नाना, मासे वर येऊन तोंडं उघडतायत." मी पोहोचलो तेव्हा निम्म्याहून अधिक गप्पी आडवे झाले होते.

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस, पण त्रैराशिक येतं. चमच्यात साधारण ५ ग्रॅम मोरचूद, त्यातलं पाव वजन तांब्याचं. म्हणजे हौदात लिटरमागे सव्वा मिलिग्रॅम तांबं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम आहे. दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. माणसाला नाइलाजानं का होईना चालवून घेतलेल्या पाण्यात मासे मेले होते.

आपण पाणी पितो, मासा पाण्यात श्वास घेतो. पाण्यातले क्षार तो कल्ल्यांतून अंगात ओढत असतो आणि विरघळलेलं तांबं नेमकी तीच वाट अडवतं. पाण्यात चुन्याचा अंश असेल तर कल्ल्यांना थोडं संरक्षण मिळतं. घाटावरच्या एखाद्या जड पाण्याच्या विहिरीत तोच चमचा कमी बाधला असता. आमचं पाणी मऊ. साबणाला लगेच फेस येतो, किटलीत खर धरत नाही. याचं आम्हाला कौतुक! अशा पाण्यात त्या चमच्याचा दहावा हिस्साही माशाला जड जाऊ शकतो.

लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तांब्याच्या भांड्यांतच मी वाढलो. कल्हई उडालेल्या देगेत अम्मी आंबट काही शिजवू देत नसे. पोलादपूरला आपाच्या घरामागे दहा-बारा पोफळी आहेत. पावसाआधी दुल्हाभाई त्यांच्यावर बोर्डो मारतात : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मिश्रणात लोखंडी विळा बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर दिसला तर तांबं अजून मोकळं आहे, चुना वाढवायचा. फवारणीच्या दिवशी आपा टाक्यावर फळ्या घालते. अक्षरओळख जेमतेम असलेल्या घरात हे सगळं ठाऊक होतं आणि मी चमचा घेऊन निघालो होतो.

जगलेले मासे बादलीत विहिरीच्या पाण्यात काढले. दोन गोल्डफिश आणि मूठभर गप्पी. हौद उपसायलाच हवा होता, कारण तांबं कुजत नाही, उडूनही जात नाही. गाळात जाऊन बसतं. पण उपसलेलं पाणी टाकायचं कुठे? मोरी ओढ्याला मिळते, ओढा सावित्रीला. तांबं सव्वा ग्रॅमच, नदीला कळलंही नसतं. हेच वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्यावर कविता केली असती. बादली-बादली करून ते पाणी माडांच्या मुळाशी आणि परसभर जिरवलं. दोन दिवस कंबर धरली होती.

हौद घासून धुऊन होईपर्यंत मासे पोलादपूरला, आपाच्या टाक्यात ठेवायचं ठरलं. एस.टी.त मांडीवर बादली, शेजारी नात. आपा दारातच उभी होती. पाहुण्यांसाठी तिनं घासूनपुसून लखलखीत केलेला तांब्याचा हंडा पुढे धरला. नात एवढ्यानं ओरडली की दुल्हाभाई मागच्या दारानं धावत आले.

मासे शेवटी कपडे भिजवायच्या प्लॅस्टिकच्या टबातून टाक्यात गेले.