नाताळच्या चांदण्या आणि आपल्या आज्या
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)



दिवाळी झाली, आता नाताळ. आपल्या वसईतल्या ख्रिस्ती घरांत गोठ्याची तयारी सुरू होईल. यंदा भिंतीवरच्या चांदण्या विकत नको. गावातल्या साठीपुढच्या आज्यांनी एकत्र बसून कराव्यात, असं माझं म्हणणं आहे.

किराणा दुकानातल्या खाकी कागदी पिशव्या घ्या, एका मापाच्या आठ. पिशवीवर बुडाशी आडवी आणि मधोमध उभी अशी मैद्याची खळ लावायची, वर दुसरी पिशवी त्याच दिशेने चिकटवायची. आठही झाल्या की तोंडाकडची बाजू टोकदार कापायची. वाळल्यावर पहिली आणि शेवटची पिशवी ओढून जोडली की चांदणी उघडते.

अडतं ते कात्रीपाशी. आठांचा थर एकदम कापायला बोटांत जोर लागतो. संधिवाताची आजी मग "मी आपली बघते" म्हणत मागे सरकते. म्हणून प्रत्येक पिशवी आधी सुटी कापून घ्या, खूण जाड पेनाने करा. नजर अधू असेल तिला खळ लावायला द्या, ते हाताला कळतं. आणि जमिनीवर बसवू नका. खुर्ची-टेबल हवं, दाराच्या उजेडात.

अजून एक. आज्यांना फोटोपुरतं बसवायचं आणि विक्रीचे पैसे सुनेच्या नावावर, हे मला पटत नाही. चांदण्या विकणार असाल तर आजीचं काम वहीत तिच्याच नावाने लिहा. टाळ्या नकोत, ठराव घ्या!

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी चांदणी भिंतीवर हवी, तर नोव्हेंबरातच बसावं लागेल. पिशव्या कोण आणतंय?