आधी ओढ मोजा, मग दाते निवडा

आम्ही रोहण्याहून बोलतो आहोत, तालुका आर्वी. आज ना पापड, ना लोणचं. आज बोलायचं आहे चेन आणि दातेरी चक्राबद्दल. हसू नका. वही-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, चार आकडे लिहावे लागतील.

कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसभर कंबर वाकवायची आणि संध्याकाळी वीस-पंचवीस किलोचं गाठोडं डोक्यावर घेऊन पांदणीने घरी यायचं, हे तुम्हाला सांगायला नको. बैलबंडी प्रत्येकीकडे नाही. ट्रॅक्टर चार गाठोड्यांसाठी येत नाही. म्हणून आमच्या गटाने ठरवलं, एक लहान गाडी बनवायची. मागे दोन चाकं, पुढे एक, मध्ये लोखंडी पाट, खाली बॅटरी आणि मोटर. मोटर एकाच मागच्या चाकाला चेनने जोडलेली. सायकलला असते तशीच साधी चेन.

गाडी तयार झाली. चाचणी घेतली डांबरी रस्त्यावर, रिकामीच. एक बाई बसली आणि गाडी भुर्रकन निघाली. पोरं मागे धावली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तीच गाडी वावरात नेली. चार गाठोडी म्हणजे क्विंटलभर कापूस भरला, एकजण चालवायला बसली. सपाट पांदणीवरच गाडी कण्हत चालली आणि नाल्याच्या चढावर थांबली. मोटर इतकी तापली की हात लावता येईना, जळका वास आला. वर ढग जमले होते. गाठोडी पुन्हा डोक्यावर घेतली आणि रिकामी गाडी चौघींनी ढकलत घरी आणली.

घरी आल्यावर जो तो म्हणाला, मोटर लहान आहे, मोठी घ्या. मोठी मोटर म्हणजे मोठी बॅटरी, म्हणजे गटाचे आणखी पैसे. पण मोटर ठीक होती. चुकले होते ते चक्राचे दाते.

आता नीट समजून घेऊ. घरात शिलाई मशीन असेल तर तिच्याकडे बघा. खाली मोठं चाक, वर लहान. पाय एकदा हलतो तेवढ्यात सुई कितीतरी वेळा खालीवर होते. चरख्याचंही तेच. मोठं चाक एकदा फिरतं, तेवढ्यात चाती कितीतरी फेरे घेते. पण त्या फिरत्या चातीला बोट लावा, लगेच थांबते. मोठ्याने लहान फिरवलं की वेग मिळतो आणि जोर जातो. ओझ्याच्या गाडीला उलटं हवं. मोटरवर लहान चक्र आणि चाकावर मोठं. मग वेग कमी होतो, जोर वाढतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

आमच्या मोटरच्या पाटीवर लिहिलं होतं : २४ व्होल्ट, २५० वॅट, मिनिटाला ३०० फेरे. तिच्यावरचं चक्र ९ दात्यांचं. चाकावर बसवलं होतं सायकलचं फ्रीव्हील, १८ दात्यांचं. मोटरचे दोन फेरे झाले की चाकाचा एक. म्हणजे चाक मिनिटाला १५० वेळा फिरणार. आमचं चाक ४० सेंटीमीटर उंच, एका फेऱ्यात साधारण सव्वा मीटर पुढे जातं. हिशेब करा, तासाला ११ किलोमीटर. सायकलचा वेग झाला हा.

आता जोर किती? यासाठी आम्हाला एक सोपी रीत सापडली. मोटरच्या वॅटला तीनने भागा. जे येईल त्याला तासाच्या किलोमीटरने भागा. येईल ती ओढ, किलोमध्ये. चेनमध्ये थोडा जोर वाया जातो, तोही यात ढोबळ मानाने धरलेला आहे. २५० ला तीनने भागलं, ८३. त्याला ११ ने भागलं, साडेसात. म्हणजे ही गाडी फक्त साडेसात किलोच्या जोराने ओढू शकत होती.

आणि लागत किती होता? इथे आम्हाला कापूस मोजायचा लटकता काटा कामी आला. चेन काढून टाकली. गाडीत क्विंटलभर ओझं भरलं, एकीला बसवलं. गाडीला दोर बांधला, दोराला काटा अडकवला आणि काटा धरून चालीने ओढत नेली. पहिल्या झटक्याचा आकडा धरायचा नाही, गाडी एकसारखी चालू लागली की काटा काय दाखवतो ते बघायचं. सपाट पांदणीवर साडेदहा किलो. नाल्याच्या चढावर एकवीस. चालवणारी खाली उतरली तर चढावर सोळा. आणि डांबरी रस्त्यावर? जेमतेम चार. म्हणून तर पहिल्या दिवशी टाळ्या वाजल्या!

हे आकडे आमच्या पांदणीचे आहेत. तुमचे वेगळे येतील. तरी अंदाजाला लक्षात ठेवा : सुक्या कच्च्या रस्त्यावर एकूण वजनाच्या दर शंभर किलोला साधारण पाच किलो ओढ लागते. वीस फुटांत एक फूट चढ असेल तर दर शंभरामागे आणखी पाच. पाऊस पडून काळी माती चाकाला लपेटायला लागली की कोणताच हिशेब चालत नाही. त्या दिवशी गाडी घरीच ठेवा.

मोटर साडेसात किलोची आणि ओझं मागतं सोळा. ओझं जास्त झालं की मोटर मंदावते, मंदावली की जास्त करंट ओढते आणि त्या करंटची उष्णता होते. तोच तो जळका वास. बॅटरीही त्यातच लवकर उतरते.

मग आम्ही भंगारातून जुन्या सायकलचं पायडलजवळचं मोठं चक्र आणलं. दाते मोजले, ४४ भरले. ४४ ला ९ ने भागलं तर जवळजवळ पाच. चाकाचे फेरे मिनिटाला ६१ झाले, वेग तासाला साडेचार किलोमीटरच्या जरासा वर. ८३ भागिले साडेचार, म्हणजे अठरा किलो ओढ. चढावर लागते सोळा. जमलं! मात्र चढ आला की चालवणारीने उतरून बाजूने चालायचं. वेग आपल्या चालीएवढाच, त्यामुळे गाडी मागे टाकून जात नाही. याहून मोठं चक्र आम्ही घेतलं नाही. ४४ दात्यांचं चक्र १८ सेंटीमीटर रुंद असतं, ते जमिनीपासून ११ सेंटीमीटर वर राहतं. आणखी मोठं लावलं तर पांदणीतले गोटे लागतील.

चक्र घेताना चार गोष्टी बघा. एक, चेन आणि दोन्ही चक्रं एकाच मापाची हवीत. सायकलच्या चेनमध्ये एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंत अर्धा इंच असतो. काही मोटरवर पाव इंचाच्या चेनचं चक्र येतं, त्यावर सायकलची चेन बसत नाही. मोटरसायकलची चेन कधी अर्धा इंचाचीच असते, पण रुंद असते, सायकलच्या पातळ दात्यांवर ती हलते. दुकानात जाताना चेनचा तुकडा सोबत न्या.

दोन, मोटरवरचं चक्र ९ दात्यांहून लहान घेऊ नका. चेन फार मुडपते, लवकर झिजते. जोर वाढवायचा तर मागचं चक्र मोठं करा.

तीन, मोठं चक्र चाकाच्या बरोबर मधोमध बसलं पाहिजे. चाक उचलून हाताने फिरवा. चेन कुठे ताठ, कुठे ढिली होत असेल तर चक्र एका बाजूला सरकलेलं आहे, पुन्हा बसवायला सांगा. दोन्ही चक्रं एका रेषेत आहेत का, हे ताणलेला दोरा लावून बघा. चेन मधोमध बोटाने दाबली तर सेंटीमीटरभर हलावी. चेन लॉकचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला असावं.

चार, आणि ही सगळ्यात मोठी. चेनवर पत्र्याचं झाकण लागलंच पाहिजे, वरून, खालून आणि बाजूनेही. आपल्या अंगावर साडी असते, पदर असतो, पोरींच्या ओढण्या असतात, वेणी असते. ओढ वाढवली म्हणजे अंगाला ओढायचा जोरही वाढला. झाकणाशिवाय आम्ही गाडी सुरू करत नाही. ब्रेकही वेगळा लावला आहे. मोटर बंद केली म्हणजे गाडी उतारावर थांबेल, असं धरून चालू नका.

जाता जाता एक जुनी गोष्ट. सेवाग्राम आपल्याच जिल्ह्यातलं. गांधीजी तिथे यायच्या आधी, १९२९ साली, चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटींत एक अट अशी होती की तो चरखा बाईला सलग आठ तास फार श्रम न पडता चालवता आला पाहिजे. चालवणारीचं अंग आधी, मग यंत्र. आमच्या गाडीच्या वेळी आम्हीच हे विसरलो. कोणी विचारलं नाही की ओझं किती, चढ कुठे, चालवणार कोण. आणि आम्हीही सांगितलं नाही, कारण मोटरचं आपल्याला काय कळतं, असं आम्हालाच वाटत होतं.

कळतं, बायांनो. काटा आपल्याला वाचता येतो, दाते मोजता येतात, भागाकार येतो. गाडी बनवायला द्याल तेव्हा हातात कागद द्या : ओझं इतकं, चढावरची ओढ इतकी, वेग आमच्या चालीएवढा. आणि चाचणी डांबरी रस्त्यावर घेऊ नका. भरलेल्या गाडीने, आपल्या पांदणीवर, सगळ्यात वाईट चढावर घ्या. तिथे चढली तरच पैसे द्या.