पहिला तास आपल्या हाती

(रस्ता सुरक्षा महिन्यानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकांनी केलेले भाषण)



दुचाकीस्वारांच्या सुरक्षिततेविषयी बोलण्याचा अधिकार खरे तर आपल्या डॉक्टरांचा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे आयुष्य पावत्या, ताळेबंद आणि नोंदवह्या यांत गेले. तथापि अपघातग्रस्ताच्या अंगावरील वस्तूंची यादी करून ती नातेवाइकांच्या स्वाधीन करणे हे प्रशासनाचे काम आहे. अशाच एका यादीने मला जे शिकविले, ते आपणांपुढे मांडण्याची अनुज्ञा असावी.

२०१२ सालच्या गळीत हंगामातील ती रात्र. एक तिशीतील तरुण मोटारसायकलवरून घरी परतत असता रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीच्या मागे ना दिवा होता, ना लाल रिफ्लेक्टर. दोन ऊसतोड मजुरांनी त्याला टेम्पोत घालून येथे आणले. डॉक्टरांनी प्रयत्नांची पराकाष्ठा केली. परंतु डोक्याचा मार जबर होता, पहाटे तो गेला. यादी मी स्वतः लिहिली : घड्याळ एक, पाकीट एक, जेवणाचा डबा एक, हेल्मेट एक, सुस्थितीत. ते मागच्या आसनाला बांधलेले होते. यादी घेताना त्याच्या वडिलांनी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले आणि काही न बोलता सही केली.

त्याच रात्री माझ्या हातून एक चूक घडली. ‘पोलीस येईपर्यंत जाऊ नका,’ असे बजावून मी त्या दोन मजुरांना बाकावर बसवून ठेवले. त्यांची दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडाली. जाताना त्यांतील वयाने मोठा गृहस्थ म्हणाला, “सायब, पुन्हा कुणाला उचलायचं का न्हाई, इचार करावा लागंल.” त्या वाक्याचे उत्तर मी आजवर शोधत आलो आहे.

प्रथम हेल्मेटविषयी. २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरील होती. हेल्मेट नसल्याने दगावलेल्यांची शासकीय संख्या ५०,०२९ असून त्यांतील १४,३३७ जण मागे बसलेले होते. म्हणजे हेल्मेट हा केवळ चालकाचा विषय नव्हे. मागे बसणाऱ्या पत्नीचा, आईचा, मुलाचाही आहे. हेल्मेटच्या आतील जाड फोम स्वतः चेपला जाऊन आघात शोषून घेतो व कवटीपर्यंत पोहोचणारा धक्का कमी करतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये, आयएसआय चिन्हाचेच घ्यावे आणि हनुवटीखालचा पट्टा न विसरता लावावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्या आघातातच डोक्यावरून उडून जाते.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. आपल्याकडे बहुतेक मुले मोकळ्या माळावर मोठ्या भावाकडून गाडी शिकतात. गाडी पळवायला ती शिकतात. थांबवायला शिकविणारा भेटत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात १६ मीटरांहून अधिक अंतर कापते, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते. पुढच्या ब्रेकची अनेकांना भीती वाटते. वस्तुतः थांबताना भार पुढच्या चाकावर येत असल्याने रोधनाचे अधिक काम तोच ब्रेक करतो. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढत्या दाबाने लावण्याचा सराव मोकळ्या जागी अवश्य करावा. आणि पालकहो, अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती मोटारसायकल देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा अपराधात पालक वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण त्याहून मोठी शिक्षा कोणती, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

तिसरी गोष्ट अपघातानंतरच्या पहिल्या तासाची. २०१२ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात नव्हती. २०१४ पासून ती आहे. प्रथम १०८ अथवा ११२ ला कळवावे. मागून येणारी वाहने थोपवावीत. रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. जखमीला पाणी पाजू नये. त्याचा श्वास नीट चालू असेल, तर हेल्मेट ओढून काढू नये, मान वळवू नये. दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवरून आणण्याची आपल्याकडील प्रथा तर कटाक्षाने टाळावी. मणक्याला इजा असल्यास ती त्याला जन्माचा पंगू करू शकते. आपल्या पाकिटात नाव, रक्तगट आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले एक कार्ड ठेवावे. बेशुद्ध माणसाची ओळख पटविण्यात किती वेळ जातो, हे आम्ही वारंवार पाहतो.

आता त्या मजुराचे उत्तर. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेली हकीकत एका स्कूटरस्वाराचीच होती. जवळच्या रुग्णालयाने त्याला २० किलोमीटर दूर धाडले आणि तो वाटेतच गेला. प्रथम प्राण, मग कागद, हे तत्त्व तेव्हाच घालून दिले गेले. मार्च २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांस कायद्याचे बळ दिले आणि २०१९ मध्ये ते संरक्षण मोटार वाहन कायद्यातच आले. जखमीला आणणाऱ्यास नाव सांगण्याची सक्ती नाही, पैसे भरण्याची नाही, थांबण्याचीही नाही. २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्तास नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख न भरता उपचार मिळतात. आपल्या अपघात विभागाच्या दारावर ही माहिती ठळक मराठीत लावलेली आहे, आणि अनामत रकमेचा प्रश्न तेथे कोणी विचारणार नाही, ही जबाबदारी माझी आहे.

शेवटी देणगीदारांस एक विनंती. आपल्या औदार्यातून यंत्रे आली, खाटा वाढल्या. परंतु रुग्ण आमच्या दारी पोहोचण्यापूर्वीचा काळ आमच्या हाती नाही. तो टेम्पोचालकाच्या, रिक्षावाल्याच्या, हमरस्त्यावरील हॉटेलवाल्याच्या आणि ऊसतोड मजुराच्या हाती आहे. या मंडळींना अर्ध्या दिवसाचे विनामूल्य प्रथमोपचार शिक्षण द्यावे आणि हंगामाच्या आरंभी ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावून द्यावेत, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. यंत्रांच्या मानाने खर्च अल्प आहे. त्याच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब पुढील अहवालात आपणांस सादर करीन.

ते दोन मजूर मला पुन्हा भेटले नाहीत. भेटले असते, तर हात जोडून सांगितले असते, “दादा, अवश्य उचला. यापुढे तुम्हाला कोणी बसवून ठेवणार नाही.” आज त्यांच्याऐवजी ते आपणां सर्वांना सांगतो आणि रजा घेतो.