मुलाला शाळा आपली वाटावी
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



पावसाळा तोंडावर आला आहे. आपल्यापैकी अनेकांच्या शाळा पंचगंगा, कृष्णा व वारणा ह्या नद्यांच्या काठी आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये शिरोळ, करवीर, हातकणंगले ह्या तालुक्यांतील कितीतरी घरे पाण्याखाली गेली. पडलेल्या भिंतींचे पंचनामे झाले. मुलांच्या मनात बसलेल्या धास्तीचा पंचनामा होत नसतो.

पहिल्या महापुरानंतर नदीकाठच्या एका शाळेस मी भेट दिली. तिसरीतील एक मुलगी पोट दुखते म्हणून वरचेवर घरी राही. हजेरीपत्रक पाहून मी जुन्या सवयीने शेरा लिहिला, 'पालकांस समज द्यावी.' वर्गाच्या बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, पोटदुखी खोटी नाही. आभाळ भरून आले की ती सुरू होते."

बाईंनी समज दिली नाही. शेजारच्या मैत्रिणीस त्यांनी तिला रोज हाक मारून आणावयास सांगितले. परसबागेतील कोथिंबिरीचा वाफा दोघींकडे सोपविला. मुलगी आली की 'काल तुझी वाट पाहिली,' एवढेच त्या म्हणत. पोटदुखी एकाएकी थांबली नाही. पण पोट दुखत असतानाही ती शाळेत येऊ लागली. पुढील भेटीत त्या शेऱ्याखाली माझी चूक मी स्वतःच नोंदविली.

'येथे मला ओळखणारे, माझी वाट पाहणारे कोणी आहे,' असे ज्या मुलास वाटते, त्याच्या ठायी चिंतेची लक्षणे पुष्कळदा कमी आढळतात, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. ह्याची दुसरी बाजूही ध्यानी घ्यावी. भ्यालेले मूल आपण होऊन मागे सरते आणि मागे सरल्याने अधिकच एकटे पडते. हा फेरा त्या बालकास एकट्याने तोडता येत नाही. मोठ्या माणसानेच प्रथम हात पुढे करावा लागतो.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. परंतु त्याच महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली होती. नुसती सक्ती पुरत नाही, मुलास आसराही लागतो, हे त्यांनी जाणले होते.

म्हणून माझी विनंती एवढीच. हजेरी घेताना वहीकडे नव्हे, मुलाकडे पाहावे. गैरहजर मूल परतले की आधी स्वागत, मग बुडालेला पाठ. प्रत्येकाकडे शाळेचे एखादे लहानसे काम असावे. भित्र्या मुलाची चारचौघांत थट्टा करू नये. मानसिक छळास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही मनाई केली आहे. मुलाची झोप, भूक आठवडेच्या आठवडे बिघडलेली दिसली, तर त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखविण्यास पालकांस सांगावे. त्यात शिक्षकाचा कमीपणा नाही.

उद्या आभाळ भरून येईल. तेव्हा वर्गात कोण गप्प बसले आहे, तेवढे पाहावे.